सोमवारचा वास

सोमवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की माय चुलीपुढून हाक मारायची, "शके, बाहेर थांब. आले की बघ." काय बघायचं ते वेगळं सांगावं लागत नसे. आप्पा दारापाशी यायचे, एक हात चौकटीवर टेकवायचे, दुसरा गुडघ्यावर ठेवून माझ्या उंचीइतके खाली वाकायचे आणि डोळे मिटून माझ्या तोंडावर हाऽऽ करून श्वास सोडायचे. मी हुंगायची. आत्ता हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात. पोरीनं बापाचं तोंड हुंगायचं आणि आत वर्दी द्यायची, ही कुठली रीत? पण आमच्या घरात होती. आप्पा तेवढ्यातही थट्टा सोडत नसत. पोलीस ॲक्शन होऊन गेलेली, गल्लीतली पोरं फौजदार-फौजदार खेळायची, म्हणून मला म्हणायचे, "हुंगा, फौजदारीणबाई. येतोय का?" आतून मायही तेच विचारायची, "येतोय का गं?" मी ओरडून सांगायची, "नाय येत!" त्यावर मायचं ठरलेलं उत्तर, "लवंग चघळून आले असतील."

वास कसला, तर शिंदीचा. आप्पा दर सोमवारी शिंदी पिऊन येतात अशी मायची खात्री होती.

आमच्या दोन खोल्या गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून होत्या. भोंगा आमच्या छपरावरच वाजतोय असं वाटायचं, ताटल्या थरथरायच्या. आप्पांचं गाव पडेगावच्या पलीकडं, पण भावकीत त्यांच्या वाट्याला रान नव्हतं, म्हणून लग्नानंतर ते शहरात आले आणि गिरणीत लागले. त्यांचं काम कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात. दाबून बांधलेली गाठ फोडायची, कापूस मोकळा करायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र तो झोडून त्यातली माती, काडीकचरा बाहेर फेकायचं. सगळा तूस हवेत. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा दारातून मला आप्पा ओळखूच आले नाहीत. आत सगळीच माणसं पांढरी. भुवया पांढऱ्या, कानातले केस पांढरे, खांदे पांढरे. घरी आले की माय त्यांना अंगणातच उभं करून फडक्यानं झाडायची, तरी पाण्याच्या माठावर, अंथरुणावर, भाकरीच्या दुरडीत तो तूस सापडायचाच. बायका म्हणायच्या, कापसाचंच तर आहे, घाण थोडीच आहे. आम्हालाही तसंच वाटायचं. कापूस म्हणजे देवाच्या वातीची वस्तू. तो कुणाचं काय वाकडं करणार?

सुटताना फाटकाशी मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की छातीतला कापूस खाली उतरतो, असं मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मानायचे. आप्पा तो खडा धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे आणि मला नि अक्काला अर्धा अर्धा द्यायचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कमल. तूस लागलेला तो गूळ आम्ही फुंकून फुंकून खायचो.

आप्पांच्या दुखण्याला वार होता. सोमवारी कामावरून येताना छाती आवळायची, दम लागायचा, डोळे लालबुंद व्हायचे, अंग कसकसायचं. गिरणी ते घर म्हणजे हाकेचं अंतर, पण तेवढ्यात ते लोकांच्या ओट्यांवर बसत बसत यायचे, भिंती धरायचे. जेवण जायचं नाही. पिठल्याची ताटली पुढं ठेवली की नुसता हात फिरवायचे. मंगळवारी जरा बरं, बुधवारपासून माणूस पुन्हा सरळ. त्यांच्याच खात्यातले हमीदचाचा शेजारी राहायचे, त्यांचंही तसंच. दोघं एकमेकांच्या आधारानं येताना दिसले की गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. चाचा मायला सांगायचे, "भाभी, सोमवार बहोत भारी पडता." माय आत येऊन म्हणायची, "पडणारच भारी. दोघं मिळून ढोसतेत."

त्याआधी, निजामाच्या राज्यात, हेच सगळं शनिवारी व्हायचं. मी तेव्हा अगदीच लहान, पण मायकडून इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांपुढं दिसतं. शनिवारी होतं म्हणजे शनीचा फेरा, हे उघडच होतं. तेव्हा मायनं शनीला तेल वाहिलं, मारुतीला रुईच्या पानांच्या माळा घातल्या, आप्पांना काळे उडीद उशाला घेऊन झोपायला लावलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि थोड्याच दिवसांत आप्पांचं दुखणं शनिवार सोडून सोमवारवर आलं. माय आधी खूश झाली, शनी गेला म्हणून. मग तिला घोर लागला. सोमवार महादेवाचा, महादेव कशाला कुणाची छाती आवळेल? देवाकडं बोट दाखवता येईना, तेव्हा तिनं माणसाकडं दाखवलं. राज्य बदललं तशी गिरणीची सुट्टीही जुम्म्यावरून, म्हणजे शुक्रवारवरून, रविवारवर आली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. इतकी बुद्धी गहाण पडलेली!

मायचा हिशेब असा होता: रविवारी दिवसभर माणूस घरात, तिच्या डोळ्यांपुढं, तेव्हा पिता येत नाही. म्हणून सोमवारी कामावरून सुटलं की तहान भागवून घेतात. मला तर तेव्हा हे फार पटायचं, कारण रविवारी आप्पा खरंच छान असायचे. सकाळी चूल तेच पेटवायचे. फुंकणी तोंडाला लावून अशी लांब फुंकर घालायचे की शेणी एकदम भडकायच्या. मग चुरमुरे भिजवून झणझणीत सुशीला करायचे, वर दाण्याचं कूट, आणि आम्हाला ओट्यावर बसवून खाऊ घालायचे. गुणगुणत असायचे. सोमवारी संध्याकाळी तीच फुंकणी ते मायला परत द्यायचे. एक फुंकर घातली की ठसका. मायनं ती फुंकणी रोज हाताळली, पण त्यातून तिला काही कळलं नाही.

मायला नुसता दोष देऊन मी सुटणार नाही. तिचा बाप शिंदीपायी मातीला मिळालेला. लाल डोळे, लटपटणारे पाय, पुढ्यातलं न खाल्लेलं ताट, हे तिनं लहानपणी इतकं पाहिलं होतं की दुसरं काही तिला दिसणंच शक्य नव्हतं. स्वतः जवळ जाऊन हुंगायची तिची हिंमत नव्हती. म्हणून मी. एकदा मी म्हटलं, "माय, तूच हुंग की." ती म्हणाली, "मला नाय सोसायचा तो वास." आणि भाकरी थापत राहिली.

अक्काचं जमत आलं ते शेंद्र्याला. घर शेतकऱ्याचं, विहीर बारमाही, मुलगा निर्व्यसनी. आमच्यासारख्या गिरणीवाल्याच्या पोरीला असं स्थळ म्हणजे लॉटरीच. मामानं, म्हणजे मायच्या थोरल्या भावानं, जमवून आणलं होतं. रविवारी मंडळी पक्कं करायला आली: मुलाचे वडील, चुलते आणि एक-दोन भावकीतले. सगळी पुरुष माणसं पुढच्या खोलीत घोंगडीवर, आम्ही बायका आतल्या दाराशी. अक्का सांडशीत पातेलं धरून येसराच्या आमटीला फोडणी देत होती. रविवार असल्यानं आप्पा ठणठणीत. धुतलेलं धोतर, डोक्याला तांबडा पटका. बोलणं अगदी सुपारी फोडायपर्यंत आलं आणि चुलत्यांनी बशी खाली ठेवली.

"पाव्हणं, एक इचारू? राग नका मानू. मागल्या सोमवारी म्या बाजाराला आल्तो. तुमाला पायलं. भिंती धरून चालले होते."

मामा हुशार माणूस. तो म्हणाला, "त्यात काय! दाजी बेलभंडारा उचलतील. शिंदीला शिवत नाहीत म्हणून सांगतील. मग झालं?"

चुलत्यांनी पिशवीतून भंडाऱ्याची पुडी काढली. आपल्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा, इथलाच, शहराला लागून आहे तो. त्याची शपथ खोटी घ्यायला आमच्याकडं चोरसुद्धा धजत नाही. मामानं देव्हाऱ्यातलं बेलाचं पान आणलं. आप्पांनी हात पुढं केला. त्यांचा हात स्थिर होता. खरंच सांगायचं होतं, भीती कसली? आणि मला राहवलं नाही. आतापर्यंत माझ्या बापाची बाजू कुणी घेतली नव्हती आणि पुरावा तर माझ्या नाकात होता. मी दारातून पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा पीतच नाहीत! मी दर सोमवारी त्यांचं तोंड हुंगते. माय हुंगायला लावते. कधीच वास येत नाही!"

मायनं मागून माझी वेणी धरली, पण बोलणं तोंडातून निघून गेलं होतं. पाहुण्यांतल्या कुणाला तरी हसू फुटलं. आप्पांनी मान खाली घातली. बापाचं तोंड पोर हुंगते हे चार लोकांपुढं उघडं पडलं होतं आणि ते मी केलं होतं, त्यांना वाचवायला जाऊन. पण खरी गोष्ट त्याच्या पुढंच होती. चुलते हसले नाहीत. त्यांनी आप्पांकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "पीत नाहीत, तर मंग भिंतीला कामून धरावं लागतं? दम लागतो? खोकला हाये का?" जरा थांबून आवाज खाली आणून म्हणाले, "छातीचं तर नाय ना काही? क्षय-बिय?"

त्या काळात हा शब्द उच्चारला की माणसं त्या घरचं पाणी प्यायची थांबत. ज्या घरात क्षय त्या घरची मुलगी कुणी करत नसे. झालेली सोयरीक मोडायचे, नांदती पोर माहेरी आणून सोडायचे. भावकीतल्या एकानं हातातला चहा न पिताच बाजूला सरकवला. आतल्या खोलीत अक्काच्या हातातली सांडशी खाली पडली. तो आवाज पुढं ऐकू गेला असणारच.

आप्पा हसले. मोठ्यानं हसले. "छाती? अवो, गाठी फोडतो म्या, क्षयवाल्यानं उचलंल का गाठ? लेकरू हाये ते, बापाची बाजू घेणारच. लवंग चघळून येतो, तिला काय कळतंय? कबूल करतो पाव्हणं. सोमवारी घेतो थोडी. गिरणीतल्या चार जणांची संगत." मग त्यांनी भंडारा कपाळाला लावला, बेलाचं पान मुठीत धरलं आणि म्हणाले, "आजपासून शिंदीला शिवणार नाय. खंडोबाची आण."

चुलत्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पिणारा सासरा चालत होता. तसा तर निम्म्या घरांत होता. वर माणूस कबूल झाला, शपथ घेतली, म्हणजे मन साफ. सुपारी फुटली. माय आत आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर काय होतं ते मी कधी विसरले नाही. जिंकल्याचं होतं. "मी म्हणत नव्हते?" ती अक्काला म्हणाली, "लवंगच खात होते."

पाहुणे गेल्यावर आप्पा ओट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. मला रडू येत होतं, कारण माझ्या बापानं मला सगळ्यांपुढं खोटं पाडलं होतं. "तुमी खोटं बोललात," मी म्हणाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तुझं नाक खरं हाये, शके," ते म्हणाले. "पण ते आता तुझ्यापाशी ठेव. अक्का नांदायला पायजे ना?" मग सवयीनं सोगा चाचपला, पण रविवार होता, गूळ नव्हता.

देवाशी ते खोटं बोलले नाहीत, हे मला फार पुढं सुचलं. शिंदीला शिवणार नाही म्हणाले, आणि कधीच शिवले नाहीत. खोटं बोलले ते फक्त आमच्याशी.

अक्का नांदली. चांगली नांदली. पण आप्पांचा सोमवार काही थांबला नाही. तो आधी मंगळवारपर्यंत लांबला, मग बुधवारपर्यंत, आणि काही वर्षांनी रविवारीसुद्धा त्यांना चूल फुंकता येईना. आता सगळ्यांचं म्हणणं एकच: आण मोडली, चोरून पितात, म्हणून खंडोबानं श्वास धरला. मायनं रविवारचे उपास धरले. एका चंपाषष्ठीला ती त्यांना साताऱ्याला घेऊन गेली आणि देवापुढं नाक घासून माफी मागायला लावली. देवळाच्या पायऱ्यांवर ते दर थोड्या वेळानं थांबत होते, ओठ निळे पडत होते, आणि बाजूनं जाणारे लोक म्हणत होते, बघा, दारूडा. मी बरोबर होते. मोठी झाले होते, मास्तरणीच्या परीक्षेची तयारी करत होते. अक्काच्या सासरचे लोक पुढंच चालले होते. मी आप्पांची काठी धरून उभी राहिले. नाक घासून ते उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला भंडारा लागला होता, तो मी पदरानं पुसला. त्या पायऱ्यांची मला आजही लाज वाटते. साताऱ्यावरून बस गेली की मी दुसरीकडं बघते.

गिरणी सुटली तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर हट्टानं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. माय बरोबर आली, दारू सोडवायचं औषध तिथं मिळतं असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तरुण डॉक्टर होते, घाई नव्हती त्यांना. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला पाठवली, काम काय करत होता ते विचारलं. मग म्हणाले, "बाबा, पहिल्या पहिल्यांदा दम लागायचा, तो कुठल्या दिवशी जास्त? सुट्टीनंतर कामावर गेलं की, त्या दिवशी?"

आप्पांच्या आधी मायच बोलली, "सोमवारी. दर सोमवारी."

"आणि त्याच्या आधी शनिवारी व्हायचं," मी म्हणाले. डॉक्टर गोंधळले. तेव्हा आप्पा धापा टाकत म्हणाले, "तवा सुट्टी... जुम्म्याला असायची, सायेब."

डॉक्टरांनी आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. मग समजावून सांगितलं. कापसाच्या तुसानं छातीतल्या नळ्या आवळतात. रोज त्यातच असलं की अंगाला तात्पुरती सवय होते, सुट्टीत ती मोडते, म्हणून सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट जातो. तेव्हाच ते खातं सोडलं असतं तर छाती पुष्कळशी सुधारली असती. वर्षानुवर्षं तेच चाललं की नळ्या कायमच्या बिघडतात. कापसाच्या गिरण्यांत हे सगळीकडं होतं. एक लांबलचक इंग्रजी नावही सांगितलं. मी विचारलं, "क्षय नाही?" ते म्हणाले, "नाही. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही." गुळाचंही मी विचारलं. आम्ही पोरींनी बापाचं औषध खाल्लं, ही बोच मला कायम होती. ते हसले, "गूळ पोटात जातो हो, छातीत कसा जाईल?" ती बोच गेली, पण मला काही बरं वाटलं नाही. मग मायनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "डाक्टर, मंग पिणाऱ्या माणसाला असं होत नाही का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, याचा पिण्याशी काही संबंध नाही."

बाहेर व्हरांड्यात माय फरशीवर बसली. मी तेव्हा तिला सांगितलं, सुपारीच्या दिवशी आप्पा ओट्यावर माझ्याशी काय बोलले ते. तिनं ऐकून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

शेंद्र्याला आता कारखाने झालेत. अक्काचा नातू तिथंच एका कारखान्यात जातो, पत्रे घासायच्या कामाला. परवा भेटायला आला तेव्हा मास्क गळ्यात लोंबत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "गुदमरतं हो मावशीआजी. अन् सुटताना गूळ देतेत की." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण बाहेर आली. मग विचारलं, दम लागतो का, आणि लागतो तर कुठल्या वारी. तो हसायला लागला.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही टांग्यानं घरी आलो. आप्पांना ओट्यावरच्या बाजेवर झोपवलं, पाठीशी उशा लावल्या, कारण आडवं पडलं की त्यांना श्वास पुरत नसे. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर माय बाजेशी उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. तिचे ओठ हलत होते. ती खाली वाकली, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, डोळे मिटले, आणि तोंड उघडून हाऽऽ केलं. पुरता निघेना. थांबून, दम घेऊन पुन्हा केलं, नीट. "येतोय का?" त्यांनी विचारलं.

माय वाकलेलीच राहिली. हुंगून म्हणाली, "नाय येत." मग आत गेली आणि सकाळी घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला बसली.